‘भूक लागली का?’ ‘नाही की.’

दुपारी साडेतीनला दुकानाचं शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक तोच असतो. समोरच्या बोळातला, दुसरीतला. मुठीत पाचाचं नाणं, तेही घामानं ओलं होईल इतकं घट्ट धरलेलं. त्या दिवशी त्याच्या हनुवटीवर वरणाचा पिवळा ओघळ वाळला होता आणि शर्टाच्या कॉलरला भाताचं एक शीत चिकटलं होतं. जेवून उठल्याला दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"अक्का, ते लालवालं द्या की."

वर टांगलेल्या लडीतलं एक पाकीट मी तोडून दिलं आणि सहज विचारलं, "भूक लागली का रे?"

"नाही की."

"मग?"

तो गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. जरा वेळानं म्हणाला, "मम्मीनं पैसे दिले," आणि पाकीट दातानं फोडत पळाला.

ते ‘नाही की’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. एखादं मोठं माणूस असतं तर काहीतरी कारण सांगितलं असतं. सकाळपासून काही खाल्लं नाही, चहाबरोबर काहीतरी हवं, असं. त्यानं खरं तेवढंच सांगितलं. भूक नव्हती, पैसे होते.

आमचं किराणा दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. यंत्रमागांची खडखड आणि दारादारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या विडी वळणाऱ्या बायका, अशी ही वस्ती. शेजार तेलुगू आणि कन्नड बोलणारा, म्हणून मी इथे सगळ्या पोरांची अक्का. लग्नाआधी मी गृहविज्ञानात पदवी घेतली होती. नोकरी केली नाही, पण आहारशास्त्राचं वाचन सुटलं नाही. साडेतीन ते सात मी गल्ल्यावर बसते, आणि त्या वेळात येणारी निम्मी गिऱ्हाइकं माझ्या काउंटरपेक्षा बुटकी असतात.

त्या दिवसानंतर महिनाभर मी मुलांना तोच प्रश्न विचारत राहिले आणि उत्तरं उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. ट्यूशनला चाललोय. ट्यूशनवरून आलो. पेपर मस्त गेला. पेपर लई अवघड गेला. तिनं घेतलं म्हणून मी पण. दादानं मारलं. पाहुण्यांनी दहा रुपये दिले. करमंना. एक मुलगी म्हणाली, "आई-पप्पा भांडायलेत, थांबू का इथं जरा?" आणि दहाचं पाकीट घेऊन तांदळाच्या पोत्यावर बसली. ते संपेपर्यंत बसून राहिली. एकेक तुकडा इतका सावकाश खात होती, की ती पाकिटाला नाही, वेळेला चावत होती हे मला दिसत होतं. दोनतीन मुलं सोडली तर ‘भूक लागली’ असं महिनाभरात कुणीच म्हटलं नाही.

पहिल्या मुलाच्या आईला मी ओळखते. सकाळी कारखान्यात जाऊन पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, मापानं कातरायची, मग दिवसभर एकेका पानात तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. वळण बिघडलं तर विडी छाटात जाते आणि त्या विडीचा हिशेब धरत नाहीत. अशा वेळी लेकरू कानाशी ‘मम्मी, मम्मी’ करत राहिलं तर हात थांबतो, आणि हात थांबला की हजार पुरे होत नाहीत. पाच रुपयांत तिला अर्धा तास मिळतो. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या अर्ध्या तासात मूल काय शिकतं, तेही मला रोज दिसतं. आई हवी होती आणि पाकीट मिळालं, असं दिवसामागून दिवस होत गेलं की नंतर आई हवीशी वाटली तरी हात पाकिटाकडे जातो. आपल्याला नेमकं काय हवं होतं हे पोराला सांगता येत नाही. तेवढं समजायला ते फार लहान असतं.

आपल्या भाषेतही याची मुळं आहेत. ‘खाऊ’ हा शब्द घ्या. जेवण वेगळं, नाश्ता वेगळा आणि खाऊ वेगळा. खाऊचा भुकेशी काही संबंधच नाही. मामा आला की खाऊ, शहाण्यासारखं वागलं की खाऊ, इंजेक्शन घेताना रडला नाही म्हणून खाऊ. पाहुणे निघताना पोराच्या हातात नोट कोंबतात आणि म्हणतात, "खाऊला घे." म्हणजे पैशाचंही नाव खाऊच. बिनभुकेच्या खाण्यासाठी तर आपल्याकडे शब्दांचं भांडार आहे: तोंडाला चाळा, खा खा सुटणं, वखवख, चटक, डोळ्यांची भूक, जिभेचे चोचले. इतके शब्द ज्या गोष्टीला आहेत ती गोष्ट आजची नव्हे. फरक एवढाच, की पूर्वी डोळ्यांना भूक लागली तरी समोर असायचं काय? गूळ-शेंगदाणे, फार तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली गोडीशेव. जत्रा जानेवारीत येते आणि जाते. माझ्या दुकानातल्या लडी मात्र वर्षभर टांगलेल्या असतात.

मूल जन्माला येतं तेव्हा त्याला बास कळतं. अंगावर पिणारं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं, आणि जगातली कुठलीही आई त्याला आणखी पाजू शकत नाही. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी नुकतं दूध सुटलेल्या 15 बाळांना कित्येक महिने, काहींना तर वर्षानुवर्षं, स्वतःचं अन्न स्वतः निवडू दिलं. एकूण 34 पदार्थांची यादी, त्यातले काही प्रत्येक जेवणाला समोर मांडायचे, आणि परिचारिकांना सक्त ताकीद: बाळ हात दाखवेल तेच आणि तेवढंच भरवायचं, आग्रह नाही, ‘शाबास’ नाही, ‘शी’ नाही. मुलं कधी एकाच जेवणात ढीगभर केळी खायची, तर कधी जेमतेम तोंड लावायची. तरी सगळी धडधाकट वाढली. 1939 साली त्यांनी हे सगळं मांडलं, आणि त्यातली मेख स्वतःच सांगितली: यादीत सगळं साधं, ताजं अन्न होतं. साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. मुलांवर सोपवायचं ते कशातून निवडायचं हे मोठ्यांनी आधी ठरवलं होतं.

ही समज जाते कुठं? 2000 साली अमेरिकेतच एक साधा प्रयोग झाला. लहान मुलांना मॅकरोनी वाढली, कधी थोडी, कधी मध्यम, कधी खूप. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांनी ताटात कितीही असलं तरी जवळजवळ तेवढंच खाल्लं. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र जितकं जास्त वाढलं तितकं जास्त खाल्लं. साधारण दीड वर्षाचं अंतर. तेवढ्यात मूल पोटाकडं बघायचं थांबतं आणि ताटाकडं बघायला लागतं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझीच लेक आली. गुडघ्यावर बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिच्यापुढं घास धरून मी: एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक मामाचा, एक आज्जीचा. चिऊ-काऊ, मामा-आज्जी सगळ्यांचे घास तिच्या पोटात गेले. तिचा स्वतःचा कोणता होता, हे विचारायचं राहून गेलं.

आणि आज्जीचा घास सगळ्यांत मोठा.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या सांगोला तालुक्यातल्या. 1972 च्या दुष्काळात नऊ-दहा वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, त्या धाकट्या भावाला काखेत घेऊन मागून. राज्यभरात अशा कामांवर 1973 च्या उन्हाळ्यात 50 लाखांच्या घरात माणसं होती, हे मी पुस्तकात वाचलं. आत्यांना आकडा माहीत नाही, त्यांना चव माहीत आहे. दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव, आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची. ज्या मुलखात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकते, तिथल्या माणसांनी ती तांबडी भाकरी गिळली. आत्या आजही लाल रंगाचं धान्य घरात येऊ देत नाहीत. नाचणीसुद्धा नाही.

त्यांच्या हातचं जेवण म्हणजे ताट कधी रिकामं होतच नाही. "नको" म्हटलं की अर्धी भाकरी, "खरंच नको" म्हटलं की चतकोर. नातीनं "पोट भरलं" म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क भीती दिसते. पानात टाकलेल्या घासाकडं त्या अशा बघतात, जणू कुणीतरी उंबऱ्याबाहेर उपाशी उभं आहे. भूक नसो पण शिदोरी असो, हे त्यांचं पालुपद. आमच्या घरात ती शिदोरी लेकीच्या पोटातच बांधून ठेवली जात होती.

पूर्वी मला याचा राग यायचा. मग एकदा भाजी निवडता निवडता त्या बोलल्या. त्यांची आई सांगायची, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणी विचारलं तर जेवून आले म्हणायचं. "शेजारणीनं इचारलं, खाल्लंस का गं? मी म्हनायची, हो खाल्लं की. आन् मागं जाऊन पानी प्यायची." नऊ वर्षांच्या मुलीला आपली भूक लपवायला शिकवलं होतं. पन्नास वर्षांनी तीच मुलगी आज्जी होऊन नऊ वर्षांच्या नातीला आपलं पोट भरल्याचं लपवायला लावते आहे. मी निवडत होते त्या मेथीची जुडी तशीच हातात राहिली. त्या दिवसापासून आत्यांवरचा राग गेला, पण नातीच्या ताटातली चतकोर काही गेली नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती आत्यांच्या चुकीपेक्षा मोठी होती.

लेक तिसरीत असताना तिच्या दोन दाढा किडल्या. डॉक्टरांनी गोड आणि चिकट बंद करायला सांगितलं. मी शिकलेली बाई. मी पाकिटं, चॉकलेटं, बिस्किटं, सगळंच बंद केलं. घरातले डबे कपाटात आणि कपाटाला कुलूप. दुकानातल्या लडी तिचा हात पोचणार नाही इतक्या वर. नियम केला, रविवारी एक. काउंटरवरच्या काचेच्या बरण्या मात्र होत्या तिथंच राहिल्या. त्या गिऱ्हाइकांसाठी.

दोन-अडीच महिने सगळं छान चाललंय असं मला वाटत होतं. एका रविवारी धुण्यासाठी उशांचे अभ्रे काढत होते. तिच्या अभ्र्यातून चुरचुर आवाज आला. आत हात घातला, तर रिकाम्या पाकिटांच्या घड्या. चुरगाळून कोंबलेल्या नव्हत्या, प्रत्येक पाकीट पुसून, दुमडून, चौकोनी करून एकावर एक रचलेलं. अकरा पाकिटं. दुकानात दुपारी मी आत चहा ठेवायला जाते, त्या पाच मिनिटांत स्टूल लावून तिनं काढली होती. आपल्याच दुकानातून.

मी ओरडले नाही, ओरडायचं सुचलंच नाही. संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं, "एवढी भूक लागायची का गं तुला?"

"नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तू कुलूप लावलंस ना आई, तवापासून ते सारखं डोक्यात येतंय. आधी नव्हतं येत."

याच गोष्टीवर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लीॲन बर्च आणि जेनिफर फिशर या दोघींनी वर्षानुवर्षं काम केलं, हे मला पुढं वाचताना कळलं. बालवाडीतल्या मुलांसमोर त्यांनी सारख्याच आवडीच्या दोन बिस्किटवड्या ठेवल्या. एक कधीही घ्या. दुसरी पारदर्शक बरणीत, टेबलावर, डोळ्यांसमोर, पण फक्त ठरलेली थोडी मिनिटं मिळणार. सुरुवातीला दोन्हींच्या आवडीत फारसा फरक नव्हता. तरी मुलं बरणीतलीबद्दलच बोलत राहिली, तीच मागत राहिली, मिळाली की तीच जास्त खाल्ली. दुसऱ्या एका कामात त्यांनी मुलींना पोटभर जेवू घातलं, "पोट भरलं" असं त्यांच्याकडून वदवून घेतलं, आणि मग खेळणी आणि खाऊ ठेवलेल्या खोलीत दहा मिनिटं एकटं सोडलं. ज्या पाच वर्षांच्या मुलींच्या आया खाऊवर जास्त कडक बंदी घालत होत्या, त्याच मुली सात आणि नऊ वर्षांच्या झाल्यावर बिनभुकेचं जास्त खाताना आढळल्या. 2003 साली हे छापून आलं. माझी लेक तेव्हा जन्मलीही नव्हती आणि तिच्या अभ्र्यातल्या घड्या तिकडं लिहून ठेवल्या होत्या.

म्हणून मी कुलूप काढलं. काढताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. पहिला आठवडा तिनं खाऊन खाऊन घालवला. मी दात ओठ आवळून बघत राहिले.

पाकिटाविषयी आणखी एक सांगायला हवं, कारण सगळं मनातच असतं असं नाही, काही त्या पदार्थातही असतं. आमच्या सोलापूरची कडक भाकरी घ्या. ज्वारीची, पातळ थापलेली, भाजून भाजून पापडासारखी कडक केलेली, महिनाभर टिकणारी. तिच्याबरोबर उखळात कुटलेली शेंगाची चटणी, तेल सुटलेली, आणि वर दही. एकदा मी लेकीसमोर एका हातावर भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातावर पाकिटातले फुगलेले कुरकुरीत तुकडे ठेवले आणि दोघी मोजत बसलो. भाकरीच्या एका घासाला तिला तीस-पस्तीस वेळा चावावं लागलं. गालांना काम, जबड्याला काम, मध्ये थांबून पाणी. पाकिटातला तुकडा जिभेवर ठेवला आणि चावायच्या आधीच विरघळला. तोंडाला वाटतं अजून काही खाल्लंच नाही, आणि पोटाची बातमी डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. बातमी पोचेस्तोवर पाकीट संपतं. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटानं 20 मोठ्या माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात मांडलेली साखर, मीठ, मेद, चोथा सारखाच ठेवला, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्यातलं अन्न खाताना ती माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. मोठी माणसं ती. मग पाचाचं नाणं मुठीत धरलेल्या सात वर्षांच्या पोरानं काय करावं?

लोकांना वाटतं हा जाड मुलांचा प्रश्न आहे. माझ्या काउंटरवर येणारी बहुतेक पोरं काटक्यांसारखी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या अतिवजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 3.4 टक्के झालं. त्याच पाहणीत वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं 35.5 टक्के. हे दोन्ही आकडे आमच्या एकाच बोळात राहतात. बारीक मुलाचं बिनभुकेचं पाकीट जास्त महाग पडतं, कारण त्यानं रात्रीची भाकरी जाते. साडेसहाला पाकीट खाल्लेलं पोर आठला ताटावर बसतं आणि म्हणतं, भूक नाही. ते खरंच बोलत असतं. मग आई म्हणते, हा काही खातच नाही, आणि उद्या परत पाच रुपये देते, निदान हे तरी खातो म्हणून.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असलं चरबट-खारट-गोड विकू नये असा अन्नसुरक्षेचा नियम 2020 साली झाला. आमचं दुकान त्याहून लांब आहे. पण पोरं घरी याच रस्त्यानं जातात.

एप्रिल-मे आला की आणखी एक तऱ्हा. इथं पारा 43-44 ला टेकतो. बारा ते पाच कुणी पोराला बाहेर सोडत नाही. बंद खिडक्या, कूलरची घरघर, आणि दर वीस मिनिटांनी फ्रिजचं दार. उघडायचं, गार हवेत उभं राहायचं, सगळ्या कप्प्यांकडं नजर टाकायची, बंद करायचं. पुन्हा तेच. मागच्या मे महिन्यात एका दुपारी मी लेकीला विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. मी तिला सुट्टी नाण्यांचा डबा दिला, एक-दोन-पाचाच्या चवडी लावायला. दोन तास फ्रिज उघडला नाही. माझ्याकडं दुकान होतं म्हणून नाणी होती. ज्या घरात मोबाईलशिवाय दुसरं काही नाही, तिथं एक हात पडद्यावर असतो आणि दुसरा पाकिटात. पडद्याकडं लक्ष असलेल्या तोंडाला काय खाल्लं ते आठवतही नाही.

मोठ्या मुलांचं वेगळं. नणंदेचा मुलगा बारावीला आमच्याकडं राहून क्लासला जातो. रात्री एक-दीडला स्वयंपाकघरात भांडं वाजतं. मसाल्याचा वास येतो, मी उठते. "मामी, भूक नाही ओ, झोप येऊ नये म्हणून." 2004 साली शिकागोत 12 तरुणांवर पाहिलेलं आहे, दोन रात्री चारचार तास झोपवलं तर भूक पेटवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, आणि मन गोड, खारट, पिठूळ मागतं. म्हणजे झोप मारायला खायचं, आणि झोप मारल्यामुळं आणखी खावंसं वाटायचं. मी त्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग क्लासवाल्यांना पण सांगा की, पहाटे सहाची बॅच बंद करा." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याच्या पातेल्यात दोन अंडी फोडली आणि तो खाईपर्यंत शेजारी बसले. त्या पाऊण तासात तो क्लासबद्दल, मार्कांबद्दल, आणि आपल्याला डॉक्टर व्हायचंच नाहीये याबद्दल बोलला. हे त्यानं आईबापांना अजून सांगितलेलं नाही. ते भांडं रोज वाजत होतं आणि मी ते दोन महिने ऐकत होते.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची एक वाटणी आहे. काय, कधी आणि कुठं खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. वाचायला सोपी आहे. घरात आणायची तर तिच्या वाटेत आत्या, मी आणि 1972, तिघंही उभे.

तरी आम्ही सुरू केलं. साडेचारला लेक दुकानात माझ्याशेजारी बसते, ताटलीत खायला असतं, कधी शेंगदाणे-गूळ, कधी कडक भाकरी-चटणी, आणि हवं असेल तर पाकीटही, ताटलीत ओतून. मुद्दाम ओतून, कारण त्यात किती कमी असतं ते ताटलीत दिसतं. आत्यांशी बोलले. त्यांना प्रयोग वगैरे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, "आत्या, तुम्हाला भूक लपवावी लागली. हिला लपवायला नको ना काहीच." त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले की कपाळ पुसलं, मला दिसलं नाही.

त्या दिवसापासून समोरच्या बोळातला तो आला की मी पाकीट देते आणि म्हणते, बस जरा. कधी बसतो, कधी पळतो. मागच्या गुरुवारी बसला आणि शाळेत त्याला मराठीची बाराखडी येत नाही म्हणून पोरं हसतात हे सांगितलं. पाकीट निम्मं राहिलं होतं. ते दुमडून खिशात घालून गेला.

गेल्या शनिवारी रात्री जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा. लेकीनं एक भाकरी खाल्ली, दुसरीचा तुकडा मोडला आणि थांबली. "बास आज्जी." आत्यांचा हात पिठल्याचा डाव घेऊन तिच्या ताटावर आला होता. तिथंच थांबला. पिठल्याचा एक थेंब ताटात पडला. मी माझ्या ताटात बघत राहिले. आत्यांनी डाव परत पातेल्यात ठेवला, तिची उरलेली भाकरी उचलली, वर ताटली झाकली आणि म्हणाल्या, "बरं. झाकून ठिवते."

रविवारी सकाळी त्यांनी त्याच भाकरीचा कांदा, शेंगदाणे आणि भरपूर कोथिंबीर घालून कुस्करा केला. मी दुकानाची झाडझूड करत होते. आतून लेकीचा आवाज आला, अजून झोपेतला, घोगरा:

"आज्जी, अजून दे की. लई भूक लागली."